नवख्यांना कोण पळवतं?

"तू आणलेली माणसं टिकत नाहीत." आमच्या कॉर्पच्या सीईओने हे भर मीटिंगमध्ये, सगळे ऐकत असताना मला सुनावलं. मी उत्तर द्यायला लागलो तर माझा माइक म्यूट केला गेला. म्हणून इथे बोलतोय. शांत डोक्याने लिहीत नाहीये, हेही आधीच सांगून टाकतो.

'ईव्ह ऑनलाइन' हा अंतराळातला खेळ मी बरीच वर्षं खेळतोय आणि त्यातली बहुतेक वर्षं एकाच कॉर्पमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या संघात, भरतीचं काम केलंय. संघाच्या प्रमुखाला इथे सीईओ म्हणतात. नवे खेळाडू शोधायचे, त्यांच्याशी बोलायचं, त्यांना आत घ्यायचं, आणि ते निघून गेले की का गेले याचा जाब द्यायचा. हे शेवटचं काम ठरलेलं नसतं, पण गळ्यात पडतं.

खेळाची ओळख फार करून देत बसत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की आइसलँडच्या सीसीपी कंपनीने मे २००३ मध्ये हा खेळ सुरू केला. सात हजारांहून अधिक सूर्यमाला, म्हणजे सिस्टिम, आहेत. चीनचा वेगळा सर्व्हर सोडला तर जगभरचे खेळाडू एकाच विश्वात असतात. इथे जहाज फुटलं की फुटलं, पुढच्या डावात परत मिळत नाही. जानेवारी २०१४ मध्ये बी-आर-फाइव्ह-आर-बी या सिस्टिममध्ये झालेल्या लढाईत ७५ टायटन, म्हणजे खेळातली सर्वांत मोठी जहाजं, गेले आणि त्याची बातमी खेळाबाहेरच्या जगातही पोचली. असल्या बातम्या वाचून पोरं येतात. त्यांना टायटनची लढाई पाहायची असते आणि समोर उघडतो तो ओव्हरव्ह्यू नावाचा तक्ता. त्यात काय बघायचं, हे जुन्यांनाही धड सांगता येत नाही.

म्हणून सगळ्यांचं ठरलेलं उत्तर असतं, खेळच अवघड आहे, लोक जाणारच. शिकण्याची चढण म्हणजे उभा कडा आणि त्यावरून खाली पडणारी माणसं, असं एक जुनं व्यंगचित्र आहे. ते दाखवून जुने खेळाडू हसतात. मला त्या चित्राचा आता वीट आलाय. अवघड आहे म्हणून तर पोरं हा खेळ निवडतात. सोपंच हवं असतं तर मोबाइलवर ढिगाने पडलंय.

आमचा सीईओ युरोपातला. त्याचं नाव घेत नाही, कॉर्पचंही घेत नाही. ओळखणारे ओळखतील. फ्लीट, म्हणजे जहाजांचा ताफा, चालवण्यात माणूस पक्का, हे कबूल करायलाच हवं. पण नवा कोणी चॅनेलमध्ये आला की त्याचा आवाजच बदलायचा. आधी तासभर मुलाखत, तीही अशी की पोलीस चौकीत बसल्यासारखं वाटावं. दुसरं अकाउंट आहे का, आधी कुठल्या कॉर्पमध्ये होतास, तुला आमच्याकडे कोणी पाठवलं? तीन दिवसांपूर्वी खेळ उतरवून घेतलेला मुलगा यावर काय सांगणार? पण अकाउंट नवं म्हणजे हेर, असा हिशेब.

हेरगिरी या खेळात खरोखर चालते, मी नाकारत नाही. २००९ मध्ये बँड ऑफ ब्रदर्स ही बलाढ्य अलायन्स (अनेक कॉर्पची आघाडी) आतल्याच माणसाने मोडीत काढली होती. पण तो माणूस डायरेक्टरच्या अधिकारांवर होता. तीन दिवसांच्या नवख्याला हँगरची, म्हणजे कॉर्पच्या कोठाराची, किल्लीच दिली नाही तर तो काय नेणार? हे मी मीटिंगमध्ये मांडलं होतं. नोंद झाली नाही.

आता मी आणलेल्या साताऱ्याच्या एका पोराबद्दल.

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. मला 'दादा' म्हणायचा. हॉस्टेलच्या खोलीवरून मोबाइलच्या नेटवर खेळायचा. ईव्हचं घड्याळ यूटीसीवर चालतं. युरोपची संध्याकाळ सुरू होते तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, आणि मोठ्या फ्लीट तेव्हाच निघतात. रूममेट झोपलेले, त्यामुळे याला माइक चालू करता यायचा नाही. नुसतं ऐकायचा आणि टाइप करायचा. "हा बोलत का नाही?" अशी विचारणा दर वेळी व्हायची. मी दर वेळी कारण सांगायचो. दर वेळी ते कुणाच्या लक्षात राहायचं नाही.

एका रात्री आम्ही नल-सेकमध्ये, म्हणजे कायदा नसलेल्या भागात, शिकार शोधत हिंडत होतो. हा एका साध्या फ्रिगेटमध्ये, आमच्या एक सिस्टिम पुढे. गेटवर त्याला एक बॅटलक्रूझर दिसली. दुसरा कोणी असता तर थांबला असता. याने थेट जाऊन तिला पॉइंट लावला, म्हणजे पळता येऊ नये असं अडकवलं, आणि चॅटमध्ये तेवढंच टाइप केलं, 'पॉइंट'. आम्ही गेटमधून उडी मारून पोचेपर्यंत त्याने ती धरून ठेवली. आम्ही पोचलो तेव्हा त्याचं जहाज फुटत होतं. पण बॅटलक्रूझर पळू शकली नाही, आम्ही ती पाडली. फ्लीटमधल्या निम्म्या लोकांना रात्रभरात मिळालेलं ते एकच किल.

कौतुक व्हायला हवं होतं ना? सीईओ साहेबांनी त्या पोराचं किलमेल, म्हणजे जहाज फुटल्याचा अहवाल, उघडलं आणि जहाजावर काय काय बसवलंय ते सगळ्यांना वाचून दाखवायला सुरुवात केली. शील्ड एक्स्टेंडर आणि आर्मर प्लेट, दोन्ही एकाच जहाजावर. नवखे हे करतातच. जाणकार माणूस खासगीत सांगतो, "एकच काहीतरी धर." इथे एकेक मॉड्यूल वाचून झालं की हशा. मग कोणीतरी किलमेल कॉर्प चॅनेलमध्ये टाकलं. मग थट्टेची चित्रं आली. मी म्हटलं, अरे, त्याच्यामुळे किल मिळालंय. उत्तर आलं, "लक."

दुसऱ्या दिवशी त्याने जहाजाच्या भरपाईचा अर्ज केला. नामंजूर. कारण काय, तर फिट, म्हणजे जहाजावर बसवलेलं सामान, नियमावलीतलं नव्हतं. कॉर्पच्या तिजोरीत तेव्हा किती होतं ते मला माहीत आहे. तशी फ्रिगेट त्यातून शेकड्यांनी आली असती. पोराने मला विचारलं, "दादा, माझं काही चुकलं का?" मी माझ्या पैशातून त्याला जहाजं पाठवली. तो म्हणाला, "सबमिशन आहे, झालं की येतो."

पुढच्या मीटिंगमध्ये मला ते 'टिकत नाहीत' ऐकवलं गेलं. त्या रात्री मी कॉर्पची मेंबर लिस्ट उघडली. माझ्याकडे अधिकार होते, त्यामुळे कोण शेवटचं कधी लॉगिन झालं ते दिसत होतं. रागानेच उघडली होती. मी आणलेल्या प्रत्येकाचं नाव एका बाजूला आणि त्याची किलमेलं दुसऱ्या बाजूला, असं मांडत गेलो. सकाळपर्यंत बसलो.

त्या यादीने मला जे सांगितलं ते कोणत्याही मीटिंगमध्ये कुणी बोललं नव्हतं. जे गेले होते त्यांतल्या बहुतेकांचं एकही जहाज फुटलेलं नव्हतं. एकही! ते सुरक्षित हाय-सेकमध्ये व्हेंचर हे खाणकामाचं जहाज घेऊन दगड फोडत बसले होते. कोणाशी बोलले नव्हते, एकाही फ्लीटला आले नव्हते, आणि एक दिवस यायचे बंद झाले. उलट पहिल्या आठवड्यातच ज्यांनी आमच्यासोबत दोन-चार जहाजं गमावली होती, ते अजून होते. फ्लीटमध्ये मेलेला आणि तरी गेलेला माझ्या यादीत ठळक दिसला तो साताऱ्याचा पोरगा. त्याचं शेवटचं लॉगिन भरपाई नाकारली त्या दिवशीचं. मी पाठवलेली जहाजं त्याने उघडूनही पाहिली नव्हती.

म्हणजे हरल्यामुळे माणूस जात नाही. हरल्यावर आजूबाजूचे काय करतात, यावर तो राहतो किंवा जातो. आणि जो कधी हरतच नाही, कारण त्याला कोणी सोबत नेलेलंच नाही, तो तर आवाज न करता जातो.

हे माझं एकट्याचं म्हणणं नाही. २०१५ च्या फॅनफेस्टमध्ये सीसीपीच्याच एका डिझायनरने सुमारे ८० हजार नव्या खेळाडूंचा हिशेब मांडला होता. पहिल्या पंधरा दिवसांत बहुतेकांचं जहाज कोणी पाडलंच नव्हतं. ज्यांचं पाडलं गेलं ते, न पाडलेल्यांपेक्षा, जास्त टिकले होते. यावर आक्षेप आहे की जो मेला तो मरण्याइतका हिंडला होता, म्हणजे मुळातच उत्साही होता. आक्षेप बरोबर आहे. पण मग नवख्याला हिंडवायचं कोणी? उत्साही निघाला तर ठेवू, हे धोरण म्हणायचं का?

मी यादी सीईओला दाखवली. त्याने वरवर चाळली आणि म्हणाला, "ईव्ह असंच आहे. ज्याला झेपत नाही त्याने जावं." हाच माणूस मूडमध्ये असला की आठवण सांगायचा, तो स्वतः नवा असताना एका जुन्या खेळाडूने त्याला रात्रभर बसून प्रोब टाकायला शिकवलं होतं. ते चालतं. ती जुन्या काळातली मैत्री. आज तेच दुसऱ्याने केलं की लाड.

असो. ज्यांच्या हातात कॉर्प आहे, गिल्ड आहे, क्लॅन आहे, त्यांनी यातून काय घ्यावं ते सांगतो. खेळ ईव्हच असायला हवा असं नाही.

नवख्याला एक माणूस नेमून द्या. "काहीही अडलं तर चॅनेलवर विचार" हे वाक्य निरुपयोगी आहे. काय अडलंय हे कळायलाच त्याला महिना लागतो, आणि पन्नास अनोळखी लोकांपुढे अडाणी प्रश्न विचारायला कोणाला आवडतं? नेमलेल्या माणसाने स्वतःहून विचारायचं, आज काय केलंस? स्क्रीनवर काय दिसतंय? पहिले पंधरा दिवस रोज दोन वाक्यं पुरतात.

ओव्हरव्ह्यू त्याला बनवायला लावू नका. स्वतःचं सेटिंग चॅटमध्ये लिंक करून द्या, तो एका क्लिकमध्ये घेईल. मग त्यातल्या तीनच गोष्टी समजावा: गेट कुठे, शत्रू कुठला, अंतर किती. जमल्यास त्याच्या भाषेत समजावा. आमच्या मराठी पोरांना इंग्रजी नियमावलीतून जे पंधरा दिवसांत कळलं नव्हतं ते मराठीत अर्ध्या तासात कळलं. हे मी छातीठोकपणे सांगतो.

पैसे देऊ नका, जहाजं द्या. जुने खेळाडू दानशूर होतात आणि नवख्याच्या खात्यात मोठी रक्कम टाकतात. तो लगेच न झेपणारं महागडं जहाज घेतो, दोन दिवसांत ते फुटतं, आणि आता आपण कर्जात आहोत असं त्याला वाटू लागतं. नाही तर जिटा या बाजारपेठेच्या लोकल चॅटमधला कोणीतरी 'रक्कम दुप्पट करून देतो' म्हणून सगळं घेऊन जातो. त्यापेक्षा स्वस्त फ्रिगेट, पूर्ण फिट केलेल्या, आठ-दहा एकदम कॉन्ट्रॅक्टवर द्या. जुन्या माणसाच्या हिशेबात ती चिल्लर असते. सोबत सांगा, "ही सगळी या आठवड्यात फुटली पाहिजेत." यातली गंमत करून पाहिल्याशिवाय कळणार नाही. जहाज जपायचं ओझं उतरलं की पोरं धीट होतात.

पहिलं जहाज तुमच्या सोबत फुटू द्या. शक्य असेल तर तुमचंही त्याच लढाईत जाऊ द्या. मग किलमेल दोघांनी मिळून, खासगीत बघा. एक चूक सांगा, फक्त एक. बाकीच्या पुढच्या वेळी. आणि कोणी ते चॅनेलमध्ये टाकून दात काढले तर त्याला तिथल्या तिथे गप्प करा, मग तो सीईओ का असेना.

त्याला गरजेचं काम द्या. ईव्हमध्ये हे करता येतं, आणि ते खेळाचं मोठं बळ आहे. दोन-चार दिवसांचा खेळाडूही स्वस्त फ्रिगेटमध्ये पॉइंट लावून कित्येक पट महागडं जहाज अडकवून ठेवू शकतो. एक सिस्टिम पुढे जाऊन गेटवर कोण आहे ते सांगू शकतो. त्यासाठी ना वर्षभराची कौशल्यं लागतात, ना पैसे भरावे लागतात. नोव्हेंबर २०१६ पासून अल्फा खातं फुकट आहे आणि या कामाला ते पुरतं. कॉलेजच्या मुलाला पहिल्याच दिवशी ओमेगा, म्हणजे पैसे भरून चालणारं खातं, घ्यायला सांगणारे बघितले की माझं डोकं फिरतं. २०२२ पासून महिन्याला जवळजवळ वीस डॉलर झालेत त्याचे. पोराच्या मेसच्या बिलाशी ताडून बघा.

कौशल्यांचा वर्षभराचा आराखडा त्याच्यासमोर टाकू नका. ईव्हमधली कौशल्यं घड्याळावर वाढतात, तुम्ही झोपलेले असलात तरी. "आठ महिन्यांनी मजा येईल" असं ऐकलं की माणूस आठ महिन्यांनी यायचं ठरवतो आणि येत नाही. तीन दिवसांत काय येईल तेवढंच सांगा.

माइकची सक्ती नको. ऐकणं पुरे, आणि हजेरीसाठी चॅटमध्ये 'एक्स' टाकणं पुरे. कोणाची इंग्रजीची भीती असते, कोणाच्या घरी आईवडील झोपलेले असतात. मोकळा झाला की तो आपण होऊन बोलतो. मग थांबवावं लागतं.

छोट्या फ्लीट काढा. तासभर स्टेशनात बसवून ठेवायचं, मग टायटनने पुढे पाठवण्याची वाट बघत बसवून ठेवायचं, मग "आज काही नाही, झोपा" म्हणायचं. जुन्यांना सवय झालेली असते, नवखा तिथेच उठतो. चाळीस मिनिटांची फेरी, तीही आपल्या वेळेला रात्री नऊला निघाली, तरी चालते. साडेअकराची वाट कशाला बघायची? आमच्याकडे हे सुचवलं तर "त्या वेळी नकाशावर कोणी नसतं" म्हणून उडवून लावलं. असतात, साहेब. नकाशा युरोपात संपत नाही.

हेरांची भीती वाटत असेल तर हँगरला कुलूप लावा, माणसाला नको. नवख्यांसाठी वेगळा हँगर, वेगळं चॅनेल, बस्स. मुलाखत दहा मिनिटांची.

बाकी नेहमीचं. धीर धरा. ओरडू नका. तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला तरी नीट उत्तर द्या. आभार मानताना नाव घ्या. आणि काही जण तरीही जातील, त्यांना जाऊ द्या. हा खेळ सगळ्यांसाठी नाही, हे खरंच आहे. फक्त ते ठरवायचा हक्क त्यांचा असू द्या.

हे सगळं आधी कोणी केलं नाही असं नाही. ईव्ह युनिव्हर्सिटी ही खेळाडूंनीच चालवलेली कॉर्प २००४ पासून नवख्यांना शिकवते आहे. ब्रेव्ह न्यूबीज आणि पँडेमिक होर्डसारख्या गटांनी तर नवख्यांच्या बळावरच मोठ्या लढाया खेळल्या. डोळ्यांसमोर उदाहरणं असताना आमच्याकडे मात्र "त्यांचं वेगळं, आपलं वेगळं".

मी ती कॉर्प सोडली. सोडण्याआधी हे सगळे मुद्दे नीट लिहून डायरेक्टरांना दिले होते. परवा तिथल्याच एकाने सांगितलं की ते टिपण आता चॅनेलच्या अगदी वर पिन केलेलं आहे, 'नवख्यांसाठी आमचं धोरण' म्हणून, आणि खाली सही सीईओंची. माझं नाव नाही. त्याबद्दल काय वाटायचं ते मला वाटून गेलं, आणि अजून गेलेलं नाही. पण त्या कागदामुळे एखादा पोरगा टिकणार असेल तर सही कोणाचीही असो.

तुमच्या कॉर्पमध्येही अशी एक मेंबर लिस्ट आहे. आज लॉगिन झालात की ती उघडा. पंधरा दिवसांत न आलेला एक नवखा शोधा आणि त्याला त्याच्या नावाने निरोप पाठवा, की तुझ्यासाठी तीन फ्रिगेट तयार ठेवल्यात, कधी जमेल ते कळव. आणि तो आला, तर त्या रात्री स्टेशनात बसू नका. त्याला घेऊन बाहेर पडा.